सोनाबाईचे हिब्रू काय? एका बाळाच्या नावाचा इतिहास

१/
अश्दोद हे इस्राएलमधील भूमध्य समुद्राकाठचे बंदर. तेथे राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला यंदा मुलगी झाली. बाळंतपणाच्या दोन महिने आधी तिने मला एक काम सांगितले : "तू इतिहास शिकतेस ना? मग मुलीसाठी एखादे नवे हिब्रू नाव शोधून दे. मात्र ठाण्याच्या आजीला ते नीट म्हणता आले पाहिजे." आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक यहुदी. आमचे अर्धे घर ठाण्यात, अर्धे अश्दोदला. ते एक नाव शोधताना आधुनिक हिब्रू नावांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तो या धाग्यात मांडते आहे.

२/
प्रथम घरातील पक्ष सांगते, म्हणजे पुढचा गुंता समजेल. आजीची इच्छा : तिच्या आईचे, सोनाबाईचे, नाव कोणत्या तरी रूपाने चालावे. मावशीचा आग्रह : नाव धर्मग्रंथातलेच हवे. बहिणीच्या नवऱ्याचे घराणे मोरोक्कोतून आलेले, आणि तिकडच्या यहुद्यांत हयात आजी-आजोबांचे नाव नातवंडाला देणे हा मान समजला जातो. पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांत नेमके उलट : जिवंत माणसाचे नाव बाळाला देणे ते टाळतात. आणि बहिणीला स्वतःला हवे होते आखूड, आजचे, शाळेत कोणी वळून पाहणार नाही असे नाव.

३/
आता इतिहास. हिब्रू ही मेलेली भाषा होती आणि ती एका माणसाने जिवंत केली, असे सरसकट सांगितले जाते. ते अपुरे आहे. बोलीभाषा म्हणून हिब्रू सुमारे सतरा शतके मागे पडली होती, पण प्रार्थना, धर्मचर्चा, पत्रव्यवहार, कविता यांत ती अखंड वापरात होती. पुरुषांच्या नावांतही ती टिकली. सिनेगॉगमध्ये तोरावाचनासाठी पुरुषाला पुकारतात ते त्याच्या हिब्रू नावाने, 'अमक्याचा मुलगा अमका' असे. त्यामुळे बाहेर तो कोणत्याही नावाने वावरो, त्याला एक हिब्रू नाव असणे भागच होते.

४/
परंपरेत स्त्रीला असे पुकारले जात नसे. म्हणून तिला हिब्रू नाव नसले तरी फारसे काही अडत नसे. परिणाम असा, की जगभरच्या यहुदी घरांत मुलींची नावे त्या त्या घरच्या बोलीतून आली. यिडिश बोलणाऱ्या घरांत गोल्डा, म्हणजे सोने. अरबी बोलणाऱ्या घरांत मसऊदा, म्हणजे भाग्यवती. आणि मराठी बोलणाऱ्या आमच्या घरात सोनाबाई. माझ्या पणजीच्या विवाहपत्रावर 'लेआ' असे नाव आहे; पण त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचे आजीला आठवत नाही. यहुदी पुरुषांची नावे पाहिली तर त्यांचा ग्रंथ कळतो. यहुदी बायकांची नावे पाहिली तर त्यांचे शेजारी कळतात.

५/
दुसरी अडचण खुद्द ग्रंथाची. हिब्रू बायबलमध्ये पुरुषांच्या मानाने स्त्रियांची नावे फारच थोडी आहेत. कित्येक स्त्रिया 'अमक्याची बायको', 'अमक्याची मुलगी' एवढ्याच ओळखीने येतात. जी नावे आहेत त्यांत मात्र मोठा इतिहास दडलेला आहे. एस्तेर राणीला दोन नावे आहेत : दरबारात एस्तेर आणि मूळचे हिब्रू हदस्सा, म्हणजे मेंदीच्या जातीचे वाटावे असे एक सुगंधी झुडूप. परक्या मुलखात दोन नावांनी जगण्याची रीत इतकी जुनी आहे.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटू लागले. आजच्या बेलारूसमधील लुझ्की गावी १८५८ साली जन्मलेला एलिएझर पर्लमन १८८१ मध्ये यरुशलेमला आला. त्याने बेन-येहुदा हे नाव घेतले आणि घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही असा नेम केला. त्याची पहिली पत्नी देवोरा १८९१ मध्ये क्षयाने वारली. पुढे त्याने तिची धाकटी बहीण पोला हिच्याशी लग्न केले. तिने हिब्रू नाव घेतले हेम्दा, म्हणजे हवेहवेसे, आनंद देणारे. हेम्दा पुढे हिब्रूत लिहिणारी पत्रकार व लेखिका झाली. आधुनिक हिब्रू नाव धारण करणाऱ्या स्त्रियांच्या पहिल्या पिढीत ती मोडते. ते नाव पाळण्यात ठेवलेले नव्हते. ते प्रौढपणी, लग्नाबरोबर आले. मराठी वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. त्याकडे शेवटी येते.

७/
१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि नाव हा राष्ट्रकार्याचा भाग ठरला. पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन हे जन्माने डेव्हिड ग्र्यून. देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांनी हिब्रू नाव घ्यावे असा त्यांचा कटाक्ष होता. मोशे शेर्टोक यांचे शारेत झाले, लेव्ही श्कोल्निक यांचे एश्कोल. १९५६ मध्ये गोल्डा मेयरसन परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांनी मेयरसन टाकून मेईर हे आडनाव घेतले. मेईर म्हणजे प्रकाश देणारा. पण 'गोल्डा' तसेच राहिले. आडनाव राष्ट्राच्या भाषेत आणि नाव आईच्या बोलीत, अशा जोडनावाने ही बाई १९६९ मध्ये पंतप्रधान झाली.

८/
नाव बदलण्याच्या तेव्हा दोन मुख्य तऱ्हा होत्या. एक, ध्वनीवरून : ग्र्यूनचे गुरियन, मेयरसनचे मेईर. दुसरी, अर्थावरून. या दुसऱ्या तऱ्हेत यिडिश बायकांच्या नावांची सरळ भाषांतरे झाली. फेगेल म्हणजे पाखरू, तिची त्सिपोरा झाली. शेन्डल म्हणजे सुंदर, तिची याफा. पेर्ल म्हणजे मोती, तिची प्निना. लीबा म्हणजे लाडकी, तिची अहुवा. आणि गोल्डाची झहावा. पुरुषाला निदान सिनेगॉगमधले नाव बाहेर आणता येत होते. बाईचे नाव बोलीतले, म्हणून बोली टाकायची म्हणजे नावच टाकायचे. भाषांतरात अर्थ राहिला. आईच्या तोंडची हाक मात्र गेली.

९/
तिसरी तऱ्हा नव्या मुलींसाठी : पूर्वी कोणाचेच नसलेले नाव. इलाना म्हणजे झाड. नुरीत आणि राकेफेत ही रानफुले. ताल म्हणजे दव, गाल म्हणजे लाट, शिरा म्हणजे गीत. त्सियोना, गेउला (मुक्ती), तिक्वा (आशा) ही नावे तर चळवळीतूनच आली. काही नावांची कुळी ऐकून थक्क व्हायला होते. 'निली' हे गोड वाटणारे नाव शमुवेलाच्या ग्रंथातील एका हिब्रू वाक्याच्या आद्याक्षरांचे आहे, आणि पहिल्या महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्ध ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणाऱ्या गटाचे ते नाव होते. त्या गटातील सारा आरोनसोनने १९१७ मध्ये पकडली गेल्यावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. हेरांचे सांकेतिक नाव पुढे पाळण्यात गेले.

१०/
त्याहून नवल 'अनात'चे. ही प्राचीन कनानची युद्धदेवता. सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या आणि तिच्या कथा जगापुढे आल्या. पुढे काही दशकांत एकेश्वरी समाजातील शेकडो मुली बिनदिक्कत अनात झाल्या. मग 'ईत' अंत्याच्या नावांची लाट आली : रोनीत, दोरीत, ओरीत, गालीत. त्यानंतर मुलगा-मुलगी दोघांनाही चालणारी आखूड नावे आली : ताल, गाल, लिओर, युवाल. म्हणून इस्राएलमध्ये केवळ नाव ऐकून बाईच्या जन्माचे दशक बरेचसे ओळखता येते. आपल्याकडे कुसुम, सुनंदा, स्वप्नाली, अनन्या या क्रमाने येते तसे.

११/
या शतकाच्या आरंभी तेथे अनेक वर्षे सर्वाधिक ठेवले गेलेले मुलीचे नाव होते नोआ. ते नवे वाटते, पण ते बायबलमधलेच. गणना या ग्रंथात सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहतात. बाप वारला, भाऊ नाही. मग वडिलांच्या वाट्याची जमीन आम्हांला का नाही, असे विचारतात आणि हक्क मिळवतात. नोआ ही त्या पाचांतील एक. मावशी आणि बहीण या दोघींची अट एकदम पुरी करणारे हे नाव माझ्या यादीत पहिले होते. बहिणीने लगेच खोडले : "माझ्या वर्गात तीन नोआ होत्या."

१२/
आता समुद्र ओलांडून कोकणात येऊ. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी बेने इस्राएलांची परंपरागत समजूत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनिवार तेली'. आडनावे गावांवरून : पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर. पुरुषांची नावे बायबलमधली, पण मराठी वळणाची. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली उभारणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांना ठाऊक होते ते सामाजी हसाजी म्हणून. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. येथेही ध्वनीवरूनच नाव बदलले, पण उलट दिशेने. आणि ते कोणी फर्मान काढून बदलले नव्हते.

१३/
एकोणिसाव्या शतकात बायबलची मराठी भाषांतरे, मिशनऱ्यांच्या शाळा आणि जॉन विल्सन यांचे १८३२ मधील मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण यांमुळे ग्रंथातील नावे घरोघर पोचली. मुलींना रिबेका, राहेल, एस्तेर, हन्ना ही नावे अधिक प्रमाणात मिळू लागली. काहींनी तर दुर्मीळ नावे निवडली. मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव घ्या. जेरुशा म्हणजे यरूशा, योथाम राजाची आई; राजांच्या ग्रंथात एका ओळीपुरती येते. झिराड हे अलिबागजवळचे गाव. गंमत अशी, की आजच्या हिब्रूत 'येरुशा' हा रोजचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता. म्हणून तेथे आज मुलीचे हे नाव ठेवायला कोणी धजत नाही.

१४/
माझी मावशी १९७३ मध्ये, अठराव्या वर्षी, इस्राएलला गेली. ठाण्यात तिचे नाव शोभा होते. भाषावर्गातील शिक्षिकेने पहिल्याच दिवशी हजेरीपटावर लिहिले 'शोशाना'. ध्वनी जवळचा, अर्थ फुलाचा, काम सोपे. मावशी सांगते, "तिने काही वाईट म्हणून केलं नाही. हसून केलं. पण मला विचारलं नाही." पुढे ओळखपत्र, नोकरी, लग्न, सगळे त्या नावाने झाले. शोभा राहिली ती ठाण्याहून येणाऱ्या पत्रांवर. आजी वारंवार लिहीत असे त्याला हेही एक कारण असावे.

१५/
मग हीच मावशी नातीसाठी बायबलमधले नाव का मागते? त्याला १९६२ ची पार्श्वभूमी आहे. त्या वर्षी इस्राएलच्या प्रमुख धर्मपीठाने अशी सूचना काढली, की बेने इस्राएल व्यक्तीचे इतर यहुद्याशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्या लोकांना तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारले गेले. निदर्शने झाली, उपोषणे झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव करून बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. मावशी गेली ती यानंतर नऊ वर्षांनी. पण शेजारच्या प्रौढ बायका ती चौकशी विसरल्या नव्हत्या. 'सारा', 'लेआ' अशा नावाला कोणी पुरावा मागत नाही, हे ती त्यांच्याकडून शिकली.

१६/
आता माझ्या यादीची परीक्षा : ठाण्याचा कान. 'शानी' हे तेथे मुलीचे लोकप्रिय नाव, अर्थ किरमिजी लाल. आजीने ऐकले 'शनी', आणि म्हणाली, "आपण शनिवार तेली ते पुरे. साडेसाती घरात नको." 'मोर' म्हणजे बोळ हे सुगंधी द्रव्य; आजीला पिसारा दिसला. 'नेटा' म्हणजे रोप; आजीने 'नेता' म्हणून विचारले, "कुठल्या पक्षाचा?" 'गाल', 'ताल' यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. 'माया' दोन्हीकडे चालते, पण ते हिब्रू म्हणता येईल का, यावर अश्दोदमध्येच वाद झाला.

१७/
तेव्हा मी यादी बाजूला ठेवली आणि यिडिश बायकांची जुनी युक्ती वापरून पाहिली : अर्थाचे भाषांतर. सोनाबाईचे हिब्रू काय? सोने म्हणजे झहाव, म्हणून झहावा. म्हणजे वॉर्सामधील एखादी गोल्डा आणि अलिबाग तालुक्यातील सोनाबाई हिब्रूत एकाच नावावर येऊन भेटतात! मला हे फार आवडले. बहिणीला नाही. "झहावा म्हणजे माझ्या शाळेतल्या शिपाईणबाई," ती म्हणाली. नाव चुकीचे नव्हते. त्याचे दशक सरले होते.

१८/
पण हिब्रूत सोन्याला एकच शब्द नाही. आपल्याकडे सुवर्ण, कनक, कांचन, हेम, तसे तिकडेही. त्यांतील एक 'पाझ' : शुद्ध, तावून काढलेले सोने. स्तोत्रसंहितेत आहे, गीतरत्नातही आहे. दोन अक्षरांचे, आज मुलींचे व मुलांचेही ठेवले जाणारे. मावशीची ग्रंथाची अट अर्धी पुरी होते, कारण शब्द ग्रंथातला आहे, जरी व्यक्ती नाही. दूरध्वनीवर आजीने दोनदा म्हणून पाहिले. "पाझ. पाझर फुटल्यासारखं आहे. चालेल. सोनाबाईची पाझ." हिब्रूतील त्या 'झ'चा उच्चार मराठी 'झाड'मधल्या 'झ'ला पुष्कळ जवळचा आहे, हे येथे कामी आले.

१९/
मावशीने आणखी एक मागणी केली आणि ती मान्य झाली : दुसरे नाव लेआ. म्हणजे पणजीच्या विवाहपत्रावरचे नाव आणि घरातले नाव, दोन्ही एका दाखल्यावर आली. मोरोक्कोच्या घराला मात्र या वेळी काही मिळाले नाही. बाळाच्या मोरोक्कन पणजीचे नाव मसऊदा. तिला आपल्या नावाचा आग्रह नव्हता, असे सगळे सांगतात. कोणी तिला नीट विचारले का, हे मी बहिणीला विचारले आहे. एका नावात सगळ्या घरांना जागा होत नाही, हे खरेच. पण कोणाची जागा झाली नाही हे तरी लिहून ठेवावे, म्हणून येथे लिहिते आहे.

२०/
नामकरणाच्या निमंत्रणपत्रिकेत एक ओळ मराठीत होती. मावशीने त्या ओळीत आजी म्हणून आपले नाव छापून घेतले : शोभा. हिब्रू मजकुरात शोशाना, मराठीत शोभा. पन्नास वर्षांनी प्रथमच तिचे ते नाव त्या देशात कागदावर आले. बहिणीला आईचे मूळ नाव ठाऊक होते, पण ते कसे गेले हे ठाऊक नव्हते. पाझच्या निमित्ताने विचारले गेले.

२१/
आता मघाशी राहिलेला मुद्दा. हे सारे वाचून 'दूरच्या लोकांची गोष्ट' म्हणू नका. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले नवे नाव आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आज्यांनी आयुष्यभर वागवले. माहेरचे नाव माहेरच्या माणसांबरोबर संपले. सातबारा, शिधापत्रिका, मतदारयादी, कोठेच ते सापडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा बाईचा माग काढणे किती अवघड जाते, हे मी दप्तरखान्यात रोज पाहते.

२२/
म्हणून या धाग्याखाली एकच विनंती. तुमची आजी हयात असेल तर आज तिला विचारा : माहेरी तुला काय म्हणत? तुझ्या आईला काय म्हणत? उत्तर वहीत लिहा. नाव, गाव, अंदाजे साल. शक्य असेल तर येथेही फक्त पहिले नाव लिहा, आडनावाशिवाय. सुरुवात मी करते. माझी पणजी : सोनाबाई, विवाहपत्रावर लेआ.